बेलीझ: गुहेतून समुद्राकडे

बेलीझच्या नकाशात पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती त्याची रुंदी. ग्वाटेमालाच्या हद्दीपासून कॅरिबियन किनाऱ्यापर्यंत जेमतेम शंभर-एकशेदहा किलोमीटर. उत्तर-दक्षिण लांबी २९० किलोमीटरच्या आसपास. सगळा देश मिळून सुमारे २३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा तेरावा हिस्सा, आणि माणसं साधारण चार लाख. एवढ्याशा जागेत पश्चिमेला जग्वारचं रान, माया लोकांची उजाड नगरं आणि पाण्याने पोखरलेल्या गुहा आहेत. पूर्वेला ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल लांब अशी प्रवाळभिंत आणि तिच्या आसपास शेकडो बेटं. पहाटे रानात हाउलर माकडांच्या गर्जनांनी जागं व्हावं आणि दुपारी बेटावरच्या धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसावं, हे इथे खरोखर जमतं.

इथे येणारे बहुतेक लोक आधी बेटावर उतरतात आणि रानासाठी एखादा दिवस काढतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी डोंगर, गुहा, नद्या पाहाव्यात आणि नद्यांच्या मागोमाग समुद्रावर यावं. आम्ही तसंच केलं आणि त्यामुळे बेटाभोवतालचं निळं पाणी वेगळ्या नजरेने पाहता आलं. या देशातलं रान आणि समुद्र एकाच चुनखडीत कोरलेले आहेत, एकाच पावसावर जगतात, आणि हजार-बाराशे वर्षांपूर्वी इथे पडलेल्या दुष्काळाच्या खुणा दोन्हीकडे सापडतात.

भारतातून बेलीझला थेट विमान नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन, मायामीसारख्या शहरांतून मात्र दोन-अडीच तासांत पोचता येतं. त्यामुळे इथे भेटणारी मराठी माणसं बहुधा अमेरिकेत स्थायिक झालेली किंवा त्यांच्याकडे पाहुणी आलेली असतात. मीही त्यातलीच. ताई आणि भावजी ह्यूस्टनला असतात, तिथून आम्ही तिघं निघालो. भारतीय पासपोर्टला बेलीझचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू बहुप्रवेश व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर सूट मिळते. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी खात्री करून घ्यावी. विमानतळ बेलीझ सिटीच्या बाहेर आहे. देश १९८१ साली स्वतंत्र होईपर्यंत ब्रिटिश वसाहत होता, त्यामुळे कारभाराची भाषा इंग्रजी, घरात आणि रस्त्यावर क्रिओल, आणि पश्चिमेकडे सरकत जावं तशी स्पॅनिश जास्त कानावर पडते. बेलीझचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर पक्का बांधलेला आहे आणि दोन्ही नोटा सर्रास चालतात. म्हणून कुणी किंमत सांगितली की ती कोणत्या डॉलरमधली, हे आधी विचारावं.

पश्चिमेच्या महामार्गावर तासाभराच्या आत बेलीझचं प्राणिसंग्रहालय लागतं. एका वन्यजीवपटासाठी पाळलेले प्राणी चित्रीकरण संपल्यावर वाऱ्यावर सोडायचे कसे, या प्रश्नातून शॅरन माटोला यांनी १९८३ साली ते सुरू केलं. इथे सिंह-हत्ती नाहीत, सगळे प्राणी बेलीझचेच. जग्वार, टेपीर, टुकान, हार्पी गरुड. रानात जग्वार दिसण्याची शक्यता फार कमी असते, तेव्हा त्याचे ठिपके आणि रुंद जबडा इथेच नीट पाहून घ्यावा. टेपीर हा देशाचा राष्ट्रीय प्राणी, लोक त्याला डोंगरातली गाय म्हणतात. पुढे बेलमोपान ही राजधानी. १९६१ च्या हॅटी चक्रीवादळाने बेलीझ सिटीची धूळधाण केली तेव्हा राजधानी आत हलवायचं ठरलं आणि १९७० मध्ये ती इथे आली. शांत, सरकारी गाव आहे. आम्ही थांबलो नाही.

सॅन इग्नासिओ हे मकाल नदीकाठचं गाव पश्चिमेकडच्या सगळ्या भटकंतीचं ठाणं. शनिवारी सकाळी इथला बाजार चुकवू नये. माया आणि मेस्तिसो बायका भाजीपाला, सुक्या मिरच्या, शेंद्रीच्या बियांची लाल वाटणं मांडून बसतात. गवती टोप्या घातलेले, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे गोरे शेतकरी चीज, कोंबड्या, कलिंगडं विकतात. हे लोक १९५८ पासून मेक्सिकोतून इथे येऊन वसले आणि आज देशाच्या दूध-कोंबडीच्या धंद्यात त्यांचा मोठा वाटा आहे. न्याहारीला फ्रायजॅक मिळतात, तळलेल्या टम्म कणकेच्या घड्या, सोबत घोटलेला राजमा आणि अंडं. दुपारी नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात आणि शेंद्रीच्या वाटणातली कोंबडी. टेबलावर हाबानेरो मिरचीची गाजर घातलेली चटणी असतेच. मिरची आपल्याला नवी नाही म्हणून भावजींनी ती सढळ हाताने घेतली आणि पुढची दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत.

या गावातून दोन ठिकाणी जायलाच हवं. त्यातलं पहिलं म्हणजे आक्तुन तुनिचिल मुकनाल ही गुहा. स्थानिक लोक तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एटीएम म्हणतात. ती टेपीर माउंटन राखीव जंगलात आहे. परवानाधारक वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि एका वाटाड्याबरोबर आठच माणसं. आमचा वाटाड्या सॅन इग्नासिओ जवळच्याच गावातला, माया घरातला, पन्नाशीचा माणूस होता. निघण्याआधी त्याने सगळ्यांचे खिसे तपासले. कॅमेरा, फोन काहीही आत न्यायचं नाही. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडून तिथल्या एका कवटीला भोक पडलं, तेव्हापासून ही बंदी आहे. ती फार चांगली झाली असं मला वाटतं. फोटोचा विचारच मनात नसल्याने माणूस पूर्ण वेळ डोळ्यांनी पाहतो.

पाऊण तासाची चाल, वाटेत तीनदा नदी ओलांडायची. दोन्ही बाजूंना कोहूनचे उंच ताड आणि पांढऱ्या सावरीचे प्रचंड वृक्ष. सावर हा माया लोकांचा विश्ववृक्ष, त्याची मुळं पाताळात आणि फांद्या स्वर्गात. वाटाड्या एकेक झाड दाखवत होता. हात लागला तर कातडी भाजून काढणारं काळं पॉयझनवुड, आणि त्याच्यावर उतारा म्हणून ज्याची साल उकळून लावतात ते गम्बो लिम्बो. याची साल लालबुंद असते आणि सोलून निघत राहते, म्हणून इथे त्याला टूरिस्ट ट्री असं लाडकं नाव आहे. पानकापू मुंग्यांची रांग आडवी आली तेव्हा त्याने सगळ्यांना थांबवलं आणि ती तुडवू दिली नाही.

गुहेच्या तोंडाशी हिरव्यानिळ्या पाण्याचा खोल डोह आहे. पायऱ्या वगैरे काही नाहीत. हेल्मेटवरचा दिवा लावून थेट पोहत आत शिरायचं. पाणी गार, पहिल्या क्षणी श्वास अडकतो. मग तास-सव्वा तास नदीतूनच चालायचं, कधी घोट्याएवढं पाणी, कधी गळ्याएवढं, कधी दोन खडकांच्या फटीतून मान तिरकी करून सरकायचं. लोलकासारखे चुनखडीचे लोंबते पडदे दिव्याच्या उजेडात चमकतात. ताईला पोहणं बेताचंच येतं, तिला लाइफ जॅकेट दिलं होतं आणि वाटाड्या तिच्या अगदी पुढे होता. तो पाय ठेवेल तिथेच तिने पाय ठेवायचा, असा त्यांचा करार. "अगं ताई, जमेल ना?" असं मी मागून दोनदा विचारलं, तर म्हणाली, "तू तुझ्या पायाखाली बघ."

मग एका उभ्या खडकावर चढून नदी सोडायची आणि वरच्या कोरड्या दालनात जायचं. इथे बूट काढतात, फक्त मोजे, म्हणजे जमिनीवरच्या वस्तूंना आणि चुनखडीच्या थराला इजा होत नाही. दिवा जमिनीकडे वळवला की दिसतात ती मडकी. शेकडो मडकी. बहुतेक फुटलेली, आणि ती मुद्दाम फोडलेली. विधीत वापरलेल्या भांड्याला भोक पाडून त्यातला जीव मोकळा करायची रीत होती. काही मडकी पाण्याने साचलेल्या चुन्यात इतकी रुतली आहेत की ती जमिनीतूनच उगवल्यासारखी वाटतात. मका दळायचे दगडी पाटे आहेत. आणि माणसांचे सांगाडे आहेत, चौदा जणांचे, त्यात लहान मुलंही. शेवटी शिडी चढून एका छोट्या दालनात गेलं की एक संपूर्ण सांगाडा उताणा पडलेला दिसतो. बाराशे वर्षं ठिबकणाऱ्या पाण्याने त्याच्या हाडांवर स्फटिकांचा थर चढवला आहे. याला स्फटिककन्या म्हणत आले, पण तो बहुधा किशोरवयीन मुलगा असावा असं आता अभ्यासक मानतात.

वाटाड्या तिथे फार हळू आवाजात बोलला. हे विधी प्रामुख्याने इसवी सन ७०० ते ९०० या काळातले. चुनखडीतल्या गुहा म्हणजे शिबाल्बा, मृत्यूच्या देवांचं जग, आणि पर्जन्यदेव चाकचंही घर. बाहेर पाऊस हटत गेला तसतसे पुजारी गुहेच्या अधिक खोल, अधिक अंधाऱ्या दालनांत शिरले आणि त्यांचे नैवेद्य अधिक मोठे होत गेले, असं संशोधकांचं एक मत आहे. नैवेद्यात शेवटी माणसं आली. मला कोकणातला पावसाळा ठाऊक आहे, जूनच्या मध्यावर आभाळ कोरडं राहिलं की घरातली मोठी माणसं कशी गप्प होतात तेही पाहिलं आहे. त्या दालनात भीतीपेक्षा दुःखच जास्त वाटलं.

दुसरं ठिकाण काराकोल. सॅन इग्नासिओहून दक्षिणेला चिकिबुल जंगलात. पूर्वी हा रस्ता चिखलाचा होता, आता बराचसा डांबरी झाला आहे. वाटेत अचानक पाइनची झाडं सुरू होतात, कारण खालचा खडक बदलतो. चुनखडी संपून ग्रॅनाइट लागतो. १९३७ साली महोगनी शोधत फिरणाऱ्या रोसा माई या लाकूडतोड्याला हे नगर दिसलं. १९८५ पासून आर्लन आणि डायन चेस हे पुरातत्त्वज्ञ दांपत्य इथे काम करत आहे. २००९ मध्ये विमानातून लेझर किरण टाकून जंगलाखालची जमीन मोजली गेली तेव्हा नगराचा पसारा सुमारे २०० चौरस किलोमीटर असल्याचं दिसलं. भरभराटीच्या काळात, सातव्या शतकात, तिथे लाखभर माणसं राहत असावीत असा चेस यांचा अंदाज आहे. मधला काना नावाचा चौथरा सुमारे ४३ मीटर उंच आहे आणि आजही बेलीझमधल्या सर्वांत उंच मानवनिर्मित वास्तूंत त्याची गणना होते. वर चढून गेलं की चारही बाजूंना फक्त रान.

मला त्या उंचीपेक्षा जास्त भावले ते तिथले तलाव. काराकोलजवळ नदी नाही. लाखभर माणसांनी फक्त पावसाच्या पाण्यावर जगायचं ठरवलं, चुन्याच्या गिलाव्याने तळ बांधून शेकडो लहान-मोठे तलाव केले, डोंगरउतारांवर बांध घालून मैलोन्‌मैल पायऱ्यांची शेती केली. पाऊस हटला तेव्हा अशा नगराचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको. नवव्या शतकाच्या अखेरीस ते ओस पडलं. २०२५ च्या जुलैमध्ये चेस दांपत्याने काराकोलच्या राजघराण्याच्या संस्थापकाची, ते काब चाकची, कबर सापडल्याचं जाहीर केलं. तो इसवी सन ३३१ मध्ये गादीवर बसला होता. कबरीत जेडचा मुखवटा होता आणि प्रशांत महासागरातले स्पाँडिलस शिंपले होते. डोंगराच्या आतल्या या राजांना समुद्र फार प्रिय होता. अशा कबरींत शंख, पोवळी आणि पाकटाच्या शेपटीचे काटेही सापडतात. राजे त्या काट्यांनी स्वतःचं रक्त काढून देवांना अर्पण करत. परतताना रिओ ऑन नदीच्या ग्रॅनाइटमधल्या कुंडांत तासभर डुंबलो.

सॅन इग्नासिओहून समुद्राकडे जायचा रस्ता म्हणजे हमिंगबर्ड हायवे. बेलमोपानपासून डांग्रिगापर्यंत सुमारे ८७ किलोमीटर, माया पर्वतांच्या कडेकडेने. शेवटच्या टप्प्यात संत्र्यांच्या बागा लागतात, त्यातल्या कित्येक वाळलेल्या, सोडून दिलेल्या. सिट्रस ग्रीनिंग या रोगाने ही वेळ आणली. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हा रोग चांगला परिचयाचा आहे.

वाट थोडी वाकडी करून आम्ही कॉक्सकोम्ब अभयारण्यात मुक्काम केला. अॅलन राबिनोविट्झ या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे जग्वारांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा अभ्यास केला. त्याच्या आग्रहावरून १९८४ मध्ये शिकारबंदी झाली आणि १९८६ मध्ये जग्वारसाठीचं जगातलं पहिलं अभयारण्य घोषित झालं. आज ते सुमारे ५०० चौरस किलोमीटर आहे. त्यासाठी आत राहणाऱ्या माया कुटुंबांना गाव सोडावं लागलं. ती प्रवेशद्वाराशी माया सेंटर या गावात राहतात. बायकांची सहकारी संस्था हस्तकलेचं दुकान चालवते, पुरुष वाटाडे आहेत. ताडोबातल्या गावांच्या पुनर्वसनाबद्दल ज्यांनी वाचलं-ऐकलं आहे त्यांनी इथल्या म्हाताऱ्या माणसांशी जरूर बोलावं. राग आणि अभिमान दोन्ही त्यांच्या बोलण्यात एकाच वेळी असतात, आणि दोन्हीही खरे आहेत.

जग्वार दिसला नाही. पहाटे ओल्या वाटेवर त्याच्या पंजांचे ताजे ठसे दिसले, माझ्या तळव्याएवढे रुंद. नंतर ट्यूबवर बसून साउथ स्टॅन क्रीक नदीतून वाहत खाली आलो. पाणी इतकं स्वच्छ की तळातले गोटे मोजावेत. ही नदी या अभयारण्यात उगम पावते आणि थेट कॅरिबियन समुद्राला मिळते. डोंगरावर झाडं उभी आहेत म्हणून हे पाणी नितळ आहे, आणि पाणी नितळ आहे म्हणून पुढे समुद्रात प्रवाळ तग धरतात. प्रवाळांना उजेड लागतो, गाळ बसला की ते गुदमरतात.

समुद्रकाठी हॉपकिन्स हे गारिफुना लोकांचं गाव. सेंट व्हिन्सेंट बेटावरचे मूळ कॅरिब आणि आफ्रिकेतून आलेले लोक यांच्या मिश्रणातून हा समाज घडला. इंग्रजांशी दीर्घ लढा दिल्यावर १७९७ मध्ये त्यांना हद्दपार करून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर सोडलं गेलं, आणि तिथून ते या किनाऱ्यावर पसरले. १९ नोव्हेंबर हा त्यांच्या आगमनाचा दिवस देशभर सुटीचा असतो. त्यांची भाषा, नाच आणि संगीत यांना २००१ मध्ये युनेस्कोने गौरवलं. अँडी पालासिओ या गायकाने २००७ मधल्या ‘वातिना’ या अल्बमने ते संगीत जगभर नेलं आणि पुढच्याच जानेवारीत तो गेला. गावातली तरुण मुलं आजही त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. इथे आम्ही हुडुत खाल्लं. कच्ची आणि पिकलेली मोठी केळी उकडून लाकडी उखळात कुटतात, त्याचा गोळा, आणि सोबत नारळाच्या दुधात शिजवलेला मासा. ज्यांनी ते वाढलं त्या बाईंनी ताईला उखळाशी उभं केलं आणि कुटायला लावलं. मुसळ जड होतं, दोघी हसत होत्या. त्या रश्श्याची चव मालवणला आमच्या घरी व्हायच्या माशाच्या कढीसारखी होती, फक्त कोकम आणि हळद तेवढी नव्हती.

डांग्रिगाहून बेटांकडे आम्ही छोट्या विमानाने गेलो. ही विमानं खालून उडतात, त्यामुळे नद्यांची मुखं स्पष्ट दिसतात. जिथे मागे मोठी शेती आहे तिथे पाण्यात तपकिरी पंखा पसरलेला असतो, मग हिरवट उथळ पट्टा, कांदळवनांचे ठिपके, आणि दूरवर लाटा फुटण्याची पांढरी रेघ. तीच प्रवाळभिंत.

की कॉकर हे बेट लहान आहे. रस्ते वाळूचे, मोटारी नाहीत, फक्त सायकली आणि गोल्फ कार्ट. ‘गो स्लो’ हे बेटाचं ब्रीद पाट्यांवर लिहिलेलं असतं. बेलीझ सिटीहून बोटीने पाऊण-एक तासात येता येतं. एक गोष्ट आधीच सांगते, कारण जाहिरातींत ती सांगत नाहीत. इथे लांबरुंद पुळण नाही. लाटा भिंतीवरच फुटतात, त्यामुळे किनाऱ्यापाशी पाणी शांत आणि तळाशी समुद्री गवत. पोहायला लोक स्प्लिटपाशी जमतात, म्हणजे बेट दुभंगून तयार झालेल्या खाडीपाशी. हॅटी वादळानंतर ती रुंदावली. त्यात २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सार्गासम शेवाळाचे ढीग येऊन पडू लागले आहेत, वर्षातले काही महिने ते कुजतात आणि वास येतो. ज्यांना खरी वाळू हवी त्यांनी दक्षिणेला प्लासेन्सियाच्या लांब भूशिरावर जावं. या बेटांवर यायचं ते पाण्याखाली डोकं घालण्यासाठी.

होल चान सागरी अभयारण्य १९८७ मध्ये स्थापन झालं. तिथल्या वाहिनीत भरती-ओहोटीचं पाणी भिंतीतून आत-बाहेर करतं, त्यामुळे माशांची रेलचेल असते. आम्ही स्नॉर्केल लावून तरंगत होतो. खाली एल्कहॉर्न प्रवाळ, निळे-जांभळे पोपटमासे चोचीने प्रवाळ कुरतडत होते आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येत होता. एक समुद्री कासव गवत खात होतं, त्याने आमच्याकडे लक्षही दिलं नाही. शेजारच्या शार्क रे अॅलीत कोळी पूर्वी मासे साफ करायचे, त्या सवयीने नर्स शार्क आणि पाकट आजही बोटीभोवती जमतात. माणसाएवढा शार्क हातभर अंतरावरून गेला तेव्हा मी श्वास घ्यायला विसरले.

मालवणचं सागरी अभयारण्यही १९८७ मधलंच. माझं माहेर तिथलं, म्हणून बोटीवरच्या वाटाड्याला मी खोदून खोदून विचारलं. मालवणात मच्छीमारांनी अभयारण्याला कडाडून विरोध केला, तो अजून पूर्ण मावळलेला नाही. इथे तसं का झालं नाही? तो स्वतः कोळ्याच्या घरातला. म्हणाला, विरोध इथेही होता. पण वाटाड्याचे परवाने कोळ्यांनाच मिळाले, बंदी घातलेल्या तुकड्याबाहेर शेवंड वाढली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि मग त्यांनीच पुढची बंधनं मागितली. पोपटमासे धरायला २००९ पासून बंदी आहे, कारण ते शैवाल खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवतात. २०२० मध्ये गिलनेटवर बंदी आली. २०१७ च्या अखेरीस देशाने समुद्रातलं तेल शोधणं थांबवलं आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने ही प्रवाळभिंत धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीतून काढली. २०२१ मध्ये सरकारने ५५ कोटी डॉलरचं जुनं कर्ज सवलतीत फेडलं आणि त्याच्या बदल्यात आपल्या समुद्राचा ३० टक्के भाग राखण्याचं वचन दिलं. चार लाखांच्या देशाने हे करून दाखवलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्या कोकणात कोळ्यांना बरोबर घेऊन असं काही होऊ शकतं, यावर माझा विश्वास तिथे वाढला.

ग्रेट ब्लू होल आम्ही विमानातून पाहिलं. लाइटहाउस रीफच्या उथळ फिरोजी पाण्यात सुमारे ३०० मीटर रुंदीचं गडद निळं वर्तुळ, खोली १२४ मीटर. समुद्रसंशोधक झाक कुस्तो १९७१ मध्ये आपलं ‘कॅलिप्सो’ जहाज घेऊन इथे आला आणि ही जागा जगाला माहीत झाली. पाणबुडे चाळीस मीटर खाली उतरले की कपारीत छताला लोंबणारे चुनखडीचे स्तंभ दिसतात. असे स्तंभ पाण्याखाली बनत नाहीत, हवेत थेंबाथेंबाने वाढतात. हिमयुगात समुद्र खूप खाली होता तेव्हा ही कोरडी गुहा होती, आम्ही ज्या गुहेत मोज्यांनी चाललो तशीच. मग छत कोसळलं, समुद्र चढला आणि गुहा बुडाली.

राइस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या विवराच्या तळातला गाळ काढून तपासला. पावसाळी वर्षांत नद्या डोंगरातून टायटेनियम असलेली माती समुद्रात आणतात, कोरड्या वर्षांत ती कमी येते. गाळाच्या थरांत साधारण इसवी सन ८०० ते १००० या काळात टायटेनियमचं प्रमाण घटलेलं आढळलं. काराकोलचे तलाव आटले, एटीएमच्या अंधारात माणसं बळी गेली, तोच हा काळ. डोंगरावर न पडलेल्या पावसाची नोंद किनाऱ्यापासून सत्तर किलोमीटर दूर समुद्राच्या तळाशी राहिली. ही माहिती ब्लू होलच्या सहलीत सहसा सांगत नाहीत. गुहा आधी पाहिली असेल तर ती ऐकताना अंगावर काटा येतो.

जाण्याचा काळ फेब्रुवारी ते मे. जूनपासून पाऊस आणि वादळांचा मोसम, नदीला पूर असला की गुहा बंद ठेवतात. शेवंड खायची इच्छा असेल तर मार्च ते जून टाळा, तेव्हा ती धरायला बंदी असते. दोन्ही साधायचं तर फेब्रुवारी बरा. गुहेसाठी चांगला वाटाड्या आधीच ठरवावा, बंद बूट आणि मोज्यांचा जादा जोड न्यावा. समुद्रात सनस्क्रीन लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा, सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळांना बाधतात. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या फार चावतात, खोबरेल तेलाचा जाड हात लावला तर त्या बसत नाहीत, असं हॉपकिन्सच्या बाईंनी सांगितलं आणि आमच्या बाबतीत ते खरं ठरलं.